लाईट गेली तरी चालू

३ मार्च

आज दुकानात गिऱ्हाईक फिरकलंच नाही, म्हणून वीज खात्याचा नवा नियम नीट बसून वाचला. खरा वाटेना, म्हणून पुन्हा वाचला. आता गॅलरीच्या कठड्याला छोटं सौर पॅनेल लटकवायचं आणि त्याची पिन घरातल्या साध्या सॉकेटात खुपसायची, की झालं. वीज कंपनीची परवानगी नको, फक्त कळवायचं. भाडेकरूंनाही लावता येतं, सबळ कारण असल्याशिवाय घरमालकाला नाही म्हणता येणार नाही. शिवाय ज्या पॅनेलवर मंजुरीचा शिक्का आहे, त्याच्या किमतीतला मोठा हिस्सा सरकार देणार. मात्र जूनअखेरपर्यंतच, आणि नोंदणी केलेल्या दुकानातून घेतलं तरच.

हे नोंदणी केलेलं दुकान माझं का असू नये?

वडिलांनी हे विजेच्या सामानाचं दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा बल्ब उडायचे, लोक धावत यायचे. आताचे बल्ब उडतच नाहीत, हीच पंचाईत. नुसते प्लग आणि टेप विकून किती दिवस काढणार?

जेवताना विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तू आता ऊन विकणार! पुढे वारा काढ विकायला."

अहो म्हणाले, "हं."

लाइनमनशी लग्न केलं की 'हं' ऐकायची सवय लागते. दिवसभर खांबावर असतात, बोलायला वर कोण असतं? पण आजचं 'हं' आनंदाचं नव्हतं, एवढं मला कळतं.

१९ मार्च

नोंदणी झाली. पहिलं पॅनेल आमच्याच गॅलरीत लावलं. उचलायला अहोंचा जोडीदार आला होता. दोघे नेहमी एकाच गाडीवर असतात. त्याचा आवाज एवढा मोठा की सगळे त्याला भोंगाच म्हणतात. एका खांबावरून बोलला तर पुढच्या खांबावर फोनची गरज नाही. पिन लावली आणि मीटरचा वेग कमी झालेला बघून तो ओरडला, "वहिनी, मीटरला धाप लागली!" सगळी गल्ली गॅलरीत आली. फुकटची जाहिरात.

सासूबाई पॅनेलकडे बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं बाहेरून उजेड देत होता, आता घरात घेतलात. सूर्य घरजावई झाला म्हणायचा."

अहो आले. बूटसुद्धा काढले नाहीत. पिन उपसली आणि तिच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. काही नाही. पुन्हा खुपसली, पुन्हा उपसली, पुन्हा टेस्टर. मी म्हटलं, "अहो, पॅनेलमागची ती डबी असते ना, तिला बाहेरची वीज मिळाली नाही की ती आपण होऊन बंद पडते. शिक्का त्याचाच आहे."

"माहितेय," म्हणाले, आणि पुन्हा एकदा टेस्टर लावला.

वडिलांच्या मांडीवर बसून प्लग उघडायला शिकलेली बाई मी. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?

२ एप्रिल

धंदा उभा राहतोय! समोरच्या इमारतीतल्या भाडेकरू नर्सबाईंनी पॅनेल घेतलं. त्यांचा घरमालक तावातावाने खाली आला. "कठडा माझा आहे."

मी म्हटलं, "कठडा तुमचाच. ऊन तुमचं नाही."

त्याला नियमाचं कलम वाचून दाखवलं. मिशा खाजवत उभा राहिला, मग हळूच विचारलं, "मालकाने घेतलं तर सवलत मिळते का?" त्यालाही एक विकलं.

रात्री भोंगा जेवायला होता. म्हणाला, "वहिनी, घरोघरी वीज व्हायला लागली तर आम्ही काय करायचं? माशा मारायच्या?" सासूबाई खो खो हसल्या. अहो ताटात बघत राहिले. आता माझ्या लक्षात येतंय. बायकोचा धंदा चालायला लागला आणि आपली नोकरी जुनी व्हायला लागली, हे त्यांना सलत असणार. पुरुषाची जात. बोलणार नाहीत, पण सलणार.

८ एप्रिल

चित्रकलेचे निवृत्त मास्तर दुकानात आले. उन्हाळ्यातही कोट. त्यांच्या पत्नीला श्वासाचा आजार आहे, घरात हवेतून प्राणवायू काढून देणारं मशीन आहे आणि ते विजेवर चालतं. लाईट गेली की सिलिंडर लावावा लागतो, आणि तो बदलताना मास्तरांचे हात कापतात.

"हे लावलं की लाईट गेल्यावर मशीन चालेल ना?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. बाहेरची वीज गेली की हेही बंद पडतं, भर उन्हात असलं तरी.

मास्तर पॅनेलकडे बघत राहिले. "म्हणजे लाईट असताना लाईट देणार आणि नसताना नाही? हा कसला न्याय?"

त्यांनी एक टेप घेतली. नको असताना, उगाच.

१५ एप्रिल

आज मी घरात कडाक्याने भांडले.

नर्सबाई सहज म्हणाल्या, "तुमचे मिस्टर येऊन गेले. प्लग तपासला, चांगले वाटले स्वभावाने." मी बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन केले. सगळीकडे जाऊन आलेत! कामाच्या वाटेवर, मला न सांगता.

"तुम्ही माझ्या मागे मागे फिरता? लोकांना काय वाटेल, बाईला काही येत नाही म्हणून नवरा तपासायला येतो?"

"वाटेत होतं," म्हणाले.

"सगळी घरं वाटेत?"

गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "जाऊ दे गं. लांब्या आठवतो त्याला."

लांब्या म्हणजे भोंग्याच्या आधीचा जोडीदार. आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा खांबावरून पडून गेला. वाईटच झालं. पण त्याचा आणि माझ्या पॅनेलचा काय संबंध? म्हातारपणी माणसं कुठलं कुठे जोडतात.

६ मे

शिक्क्याचा माल येईनासा झालाय. सगळीकडून मागणी, कारखान्याकडे साठा नाही, आणि सवलतीची मुदत तर जवळ येतेय. रोज चार माणसं येऊन परत जातात.

दुपारी एक विक्रेता आला. टाय एवढा घट्ट बांधलेला की मलाच घुसमटल्यासारखं झालं. त्याच्याकडची पॅनेलं बिनशिक्क्याची. डबीच्या मागे एक छोटं बटन. त्याने ते दाबून दाखवलं. "लाईट गेली तरी चालू, मॅडम."

मी म्हटलं, "नियमात बसत नाही."

"नियम करणारे गार खोलीत बसतात. लाईट जाते ती तुमच्या गिऱ्हाइकाची."

बोलला तो टायवाला, पण मला मास्तरांचाच आवाज ऐकू आला. यावर सवलत मिळणार नाही, कायद्याने विकताही येणार नाही. मला कळतंय. पण लाईट गेल्यावर आधी घराचा मेन स्विच खाली करायचा आणि मगच बटन दाबायचं, एवढं पाळलं तर वीज घराबाहेर जाणार कशी? कुणाला काय होणार? नियम करणाऱ्याला मास्तरांची बायको कुठे माहीत आहे?

दोन ठेवून घेतली. अहोंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'हं' म्हणाले असते.

११ मे

मास्तरांकडे पॅनेल बसवलं. घर लहान, भिंतीवर मास्तरांची चित्रं, बहुतेक सगळी बायकोचीच. तरुण, जाड, हसरी. आता पलंगावर आहेत त्या, चित्रातल्या बाईच्या अर्ध्या असतील. नाकाला नळी. मला म्हणाल्या, "तुम्ही आलात ते बरं झालं. लाईट गेली की हे माझ्याआधी गुदमरतात."

मास्तरांकडून पाठ करून घेतलं. आधी मेन खाली, मग बटन. त्यांनी शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं. प्रयोगही केला. मेन खाली, बटन दाबलं, आणि मशीन सुरूच. मास्तरांनी माझ्यासमोर हात जोडले. कुणी असे हात जोडले की माणसाला आपण फार चांगले आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटलं. घरी येताना सासूबाईंसाठी मऊ चपला घेतल्या.

२४ मे

काल लिहिलं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

परवा रात्रभर वादळ होतं. पहाटे लाईट गेली, अहो आणि भोंगा अंधारातच गाडी घेऊन गेले. सकाळी आभाळ धुतल्यासारखं लख्ख, कडक ऊन. मी दुकान उघडलं. लाईट नव्हती, पण मी मनात खुशीत होते. वाटलं, मास्तरांना फोन करावा.

"मशीन चालू ना?"

"ठणठणीत! ताई, तुमचे उपकार..."

"मेन खाली केलाय ना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "थांबा हं. हिला एकदम दम लागला, मी घाईत बटनच... बघतो, बघतो."

फोन त्यांनी कुठेतरी ठेवला. मशीनची घरघर ऐकू येत होती. आणि मग खिडकीबाहेरून, रस्त्यावरून, भोंग्याचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. पण असा कधी ऐकला नव्हता.

दुकान उघडं टाकून पळाले.

झालं होतं असं. फांदी पडून मास्तरांच्या घरात येणारी वायर खांबाकडून तुटली होती आणि तिचं टोक रस्त्यावर लोळत होतं. सगळ्या भागाची वीज कोपऱ्यावरच्या डीपीच्या पेटीत बंद केलेली होती. अहो तिथेच कुलूप घालत होते. त्यांनी ओरडून सांगितलं होतं, हात लावू नको, मी येतो. पण लोक वायर ओलांडून जायला लागले होते, म्हणून भोंग्याने ती बाजूला करायला उचलली. लाईट बंद आहे म्हणजे वायर मेलेली आहे, असंच कुणीही समजेल. पण दुसरं टोक मास्तरांच्या घरात होतं. आणि ऊन कडक होतं.

मी पोचले तेव्हा अहो त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वायर लाकडी काठीने दूर केलेली होती. भोंगा शुद्धीवर होता. उजव्या हाताकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. अहोंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांच्या गॅलरीतल्या पॅनेलकडे, मग परत माझ्याकडे.



२५ मे

भोंग्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. जीव वाचला.

अहो संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसले. लग्नानंतर एवढं सलग बोललेले मी पहिल्यांदा ऐकलं.

"साहेब विचारतायत, करंट कुठून आला. मास्तरांच्या घरातून, हे मी सांगितलंय. मास्तरांनी ते कुठून आणलं, हे मी सांगणार नाही. पण मला थेट विचारलं तर खोटंही बोलणार नाही. सांगायचं तर तू सांग."

मी म्हटलं, "मला काय माहीत होतं..."

"लांब्या पडला नव्हता," ते म्हणाले. "लाईन बंद करून चढला होता. बर्फाच्या कारखान्यात जनरेटर लावला, मेन कुणी खाली केला नाही. करंट उलटा लाईनीवर आला. पडला तो नंतर."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"नवीन लग्न झालं होतं. मी रोज खांबावर चढायचो. काय सांगायचं तुला?"

२७ मे

वीज खात्यात गेले. तपासनीसबाई माझ्याहून लहान असतील, टेबलावर जेवणाचा डबा उघडा होता. म्हटलं, मास्तरांना ते पॅनेल मी विकलं. बिनशिक्क्याचं आहे हे मला माहीत होतं.

त्यांनी डबा बंद केला. "मास्तर काल येऊन गेले. म्हणाले, बाजारातून आणलं, दुकान आठवत नाही. मेन खाली करायचं मीच विसरलो, दोष माझा."

मला रडू आलं. तिथे रडायचं नव्हतं.

नोंदणी रद्द झाली, दंडही. दुसरं पॅनेल जप्त केलं, टायवाल्याचं नाव-पत्ता लिहून घेतला. नाव तरी खरं असेल का? ज्यांना शिक्क्याचा माल विकला त्यांची सवलत जाणार नाही म्हणाल्या, तेवढं बरं. उठताना मी विचारलं, "मास्तरांच्या पत्नीचं काय आता?"

"म्हणजे?"

"पुढच्या वेळी लाईट गेली की त्यांनी काय करायचं? नियमात आहे का कुठे?"

बाईंनी कागद ओढून काहीतरी लिहून घेतलं.

२ जून

आज भोंग्याला भेटले. हाताला हे एवढं बँडेज. मला बघून म्हणाला, "या वहिनी, आता मला हिशोब शिकावा लागणार. आठापर्यंतच मोजता येतं." त्याची बायको हसली नाही. मीही नाही.

सांगून टाकलं. उभ्यानेच.

तो बराच वेळ गप्प होता. भोंगा गप्प म्हणजे काय, हे ज्याने त्याला ऐकलंय त्यालाच कळेल. मग म्हणाला, "अशी किती विकली?"

"एकच. दुसरं खात्याने नेलं."

"बरं झालं," असं म्हणून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. तो भरलेलाच होता.

३० जून

सवलतीची मुदत वाढली. सोबत नियमात दुरुस्तीही आली आहे. मागे बटन असलेली डबी विकायला सक्त बंदी. आणि खाली एक नवीन कलम. ज्या घरात कुणाचा श्वास मशीनवर अवलंबून आहे, त्या घराला पॅनेलबरोबर वेगळी बॅटरी मिळेल. तिला फक्त ते मशीन जोडायचं, घराच्या वायरिंगला स्पर्श नाही. खर्च सगळा सरकारचा. मी विचारलं म्हणून झालं की आणखी कुणी, देव जाणे. मास्तरांकडे पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानदाराने बॅटरी बसवली. मी जाऊन बघितली. काम स्वच्छ आहे.

दुकानात पुन्हा प्लग आणि टेप.

१९ जुलै

अहोंनी मीटर विभागात बदली मागितली! एवढी वर्षं लाईनवर काढली, टेबलावरच्या कामाला कायम नाकं मुरडली, आणि आता हे. विचारलं तर म्हणतात, "गुडघे दुखतात. चढवत नाही."

गुडघ्यांचं मी कधी ऐकलं नाही. मला वाटतं, माझ्यामुळे लाईनवरच्या माणसांत त्यांना तोंड दाखवायला जड जातंय. ते तसं म्हणणार नाहीत. मीही विचारणार नाही. ऐकून घ्यायची हिंमत नाही.

३ ऑगस्ट

भोंगा दुकानात आला. दोन महिन्यांनी. त्याला परत घेतलंय, पण खाली, अवजारांच्या खोलीत. डाव्या हाताने टेपचं भेंडोळं उचलून बघत राहिला. मी स्टूल पुढे केलं. बसला.

"रागावलो होतो," म्हणाला.

"रागवायलाच हवं."

"अजून आहे थोडा."

"असू दे."

मग तो म्हणाला, "त्याच्याकडे लक्ष द्या, वहिनी. हातावर माझ्या झालंय, पण मनावर घेतलंय त्याने."

मला कळेना. म्हटलं, "गुडघे दुखतात म्हणतायत."

"कसले गुडघे! शिडी लावतो, दोन पायऱ्या चढतो आणि थांबतो. टेस्टर लावतो, उतरतो. परत जाऊन डीपीचं कुलूप बघतो. परत शिडी. घामाने नुसता निथळतो. एके दिवशी वरच बसून राहिला, दोघांनी धरून उतरवला. साहेबांना सांगायला लाज वाटली, म्हणून गुडघे." त्याने टेप जागेवर ठेवली. "हे मी सांगितलं असं सांगू नका. तुमच्यापासून लपवायचा आटापिटा चाललाय त्याचा."

गिऱ्हाईक आलं, तो उठला.

संध्याकाळी अहो घरी आले. मीटर विभागाचा पहिला दिवस. हातावर ओरखडा नाही, बुटांना माती नाही. खुर्चीत बसले तर त्यांना बसताच येत नव्हतं नीट. सासूबाई म्हणाल्या, "काय रे, सुखाची नोकरी ना आता?" ते म्हणाले, "हं."

मी आत जाऊन तेल कोमट केलं. वाटी घेऊन त्यांच्या पायाशी बसले.

"गुडघे फार दुखतायत का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच एक पाय पुढे केला.

"हा जास्त," म्हणाले.

दोन्ही गुडघ्यांना तेल लावून दिलं. चांगलं चोळून.